बारदान वजा

सोमवारी सकाळी धान्याच्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीसकट चढून बसलेली बाई तुम्ही कधी पाहिली नसेल. मी पाहिली आहे. नुसती पाहिली नाही, तिची खुर्ची मागून धरून उभी राहिले आहे आणि दर वेळी लाजेनं अर्धमेली झाले आहे. सोलापुरात शुक्रवार पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडालाच ते दुकान. दोन हमाल "हं, सांभाळून" करत तिला खुर्चीसकट उचलायचे आणि काट्यावर ठेवायचे. मग अक्का पदर सावरायची, उजवा पाय लांब करायची आणि दुकानदार शेटला हुकूम सोडायची, "हं, सांग आता. ओरडून सांग, पोत्याचं सांगतोस तसं."

शेट भिडस्त माणूस. तो आकडा पुटपुटायचा.

"का रं, घसा बसला? ज्वारीचं वजन सांगताना पार देवळापतूर ऐकू जातंय की तुझं!"

मग शेट डोळे मिटून ओरडायचा. दुकानातली गिऱ्हाइकं वळून बघायची, एखादं फिदीफिदी हसायचंच. अक्का त्याच्याकडे मान वळवून म्हणायची, "हसतोस काय? ये, बस हितं. तुझंबी बघू." आणि लगेच शेटला, "आता बारदान वजा कर."

पोतं तोललं की रिकाम्या गोणीचं वजन त्यातून कमी करतात, तेच बारदान. अक्काच्या मते खुर्ची बारदान, अंगावरचं लुगडं बारदान, हातातल्या पाटल्या बारदान आणि पायात डॉक्टरनं बसवलेली स्टीलची पट्टी, तीसुद्धा बारदान. "ती पट्टी माझी न्हाय. त्यानं घातलीय, त्याच्या नावावर लाव," असं ती दम देऊन सांगायची. शेट एकेका वस्तूचं अंदाजानं वजन धरायचा आणि खाली उरेल ते अक्काचं.

ही अक्का म्हणजे माझी घरमालकीण आणि खानावळवाली, दोन्ही. मी उजनीच्या पाण्याकाठच्या गावातली. सोलापुरात एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागले, तेव्हा तिच्या खानावळीच्या वरची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी मी तिला "अहो अक्का, तुम्ही" म्हणाले, तर म्हणाली, "मी काय तहसीलदार हाय का? तू म्हण. तुमी म्हणणारी माणसं लाजत जेवत्यात." घरात त्यांचं कानडी, दारात मराठी आणि राग आला की दोन्ही एकदम. पेठेत सगळेच तिला अक्का म्हणायचे. पुण्यात नोकरीला असलेला तिचा एकुलता एक मुलगा तेवढा अव्वा म्हणायचा, म्हणजे आई. नवरा लवकर गेला. त्याच्यामागं तिनं खानावळ काढली, त्याच भाकऱ्यांवर मुलाला इंजिनियर केलं, पण ते ती कधी बोलून दाखवत नसे. बोलून दाखवायची ते एकच, "माझ्या पंगतीतनं कुणी अर्धपोटी उठल्यालं न्हाय."

आणि पंगत म्हणजे खरोखरच पंगत. टेबल नाही, खुर्ची नाही. भिंतीच्या कडेनं पाट मांडलेले आणि समोर, शेगडी जमिनीवर ठेवून, अक्का स्वतः पाटावर बसलेली. परातीत भाकरी थापायची, तव्यावर टाकायची आणि तव्यावरून थेट समोरच्याच्या ताटात. "अजून वाढू का?" असं तिनं कुणाला विचारलेलं मी ऐकलं नाही. ती जेवणाऱ्याच्या डोळ्यात बघायची आणि वाढायची. "तोंड खोटं बोलतंय," म्हणायची, "तोंडाला विचारायचंच कशाला?" कुणी हातानं ताट झाकलं तर भाकरी त्या हातावर पडायची, गरमागरम. कुणी जेवताना मोबाइल काढला तर तो ज्वारीच्या पिठाच्या डब्यात जायचा. कापडाच्या दुकानातला एक सेल्समन होता, त्याचा फोन कानाला लावला की कितीतरी दिवस पीठ सांडायचं.

स्वतः ती अवाढव्य होती. हे मी तिच्या तोंडावर म्हणायचे, म्हणून इथंही म्हणते. ती बसली की पाट दिसायचा नाही. तिला त्याचं काडीचं दुःख नव्हतं, उलट तो ती धंद्याचा भाग समजायची. "खानावळवालीच वाळकी असंल तर गिऱ्हाईक काय म्हणंल? म्हणंल, हिलाच हिच्या हातचं ग्वाड लागंना!" वाळक्या माणसांवर तिचा विश्वासच नव्हता. माझ्यावरही नव्हता, कारण मी तेव्हा काडी होते. "एवढं मासं खाऊन तुझ्या अंगाला लागलं कुटं गं?" ती विचारायची. तिच्या घरात माशाचं नाव काढायची सोय नव्हती, पण माझ्या गावात कोणते मासे मिळतात, कसे करतात, ही चौकशी मात्र ती फार बारकाईनं करायची.

पडली तीसुद्धा खाऊ घालण्याच्या पायीच. बँकेतला एक नवा साहेब जेवायला यायला लागला होता. फोन आला म्हणून तो अर्धी भाकरी ताटात टाकून उठला आणि बोलत बोलत बाहेर पडला. "ओ सायेब, ही कुणाला ठिवली?" म्हणत अक्का भाकरी घेऊन त्याच्या मागं धावली. श्रावणातले दिवस, पायरी ओली. ती अशी काही आदळली की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. मी वरून पळत खाली आले तर ही पायरीखाली बसलेली, उजवा पाय गुडघ्याखाली नको तिकडे वळलेला, चेहरा पांढराफटक आणि भाकरीचा हात मात्र उंच धरलेला. मला म्हणाली, "आदी ही घे. मातीला लागू दिऊ नगं." भाकरी माझ्या हातात आली आणि मग ती ओरडली. साहेबानं ॲम्ब्युलन्स बोलावली, अक्काच्या पायाशी बसून आला आणि तिच्या नजरेच्या धाकानं ती अर्धी भाकरी त्यानं वाटेत रडत रडत खाल्ली.

गुडघ्याखालचं हाड फुटलं होतं. ऑपरेशन झालं, पट्टी बसली. डॉक्टर तरुण होता. तिच्या कॉटशेजारी उभा राहून तिच्या मुलाशी इंग्रजीत बोलायला लागला. अक्कानं चादरीतून हात काढला आणि त्याचा पांढरा कोट धरला. "ए बाबा, पाय माझा हाय. मला सांग."

डॉक्टर ओशाळला. स्टूल ओढून बसला आणि म्हणाला, "अक्का, हाड जुळेल. पण एवढं वजन घेऊन जमिनीवर बसणं-उठणं विसरा. गुडघा झेपवणार नाही. वजन उतरलं, पायात ताकद आली, तर पुढचं पुढं बघू."

मुलाला तेवढंच पाहिजे होतं. तो वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा फार राग यायचा. दर शनिवारी गाडी काढून यायचा, आईचा धड पाय चेपायचा, तिची उष्टी वाटीसुद्धा धुवायचा. पण एकच धोशा, "खानावळ बंद कर. पुण्याला चल. लिफ्ट आहे, कामाला बाई आहे."

"मी काय करू तितं?"

"आराम कर."

"मेल्यावर करते की."

मग तो म्हणाला, ओटा बांधून देतो, उभ्यानं भाकरी कर. अक्का म्हणाली, "मी वर आन जेवणारा खाली? मला त्याचं टाळकं दिसंल, डोळं कुटनं दिसणार?" मग टेबल-खुर्च्या आणू, तो म्हणाला. "मग ते हाटेल झालं. सोलापुरात हाटेलं कमी हायत व्हय?" असं दोन-तीन शनिवार चाललं. शेवटी तो वैतागला. "हे बघ अव्वा," म्हणाला, "भोगीला मी येतो. त्या दिवशी कुणाचा हात न धरता पाटावर बसलीस आणि उठलीस, तर खानावळ तुझी. मी परत विषय काढणार नाही. नाही जमलं तर मुकाट्यानं गाडीत बसायचं."

"ठरलं की!" अक्कानं पडल्या पडल्याच त्याच्या हातावर टाळी दिली. तो निर्धास्तपणे पुण्याला गेला. खरं सांगायचं तर मलाही वाटलं की संपलं आता.

इथून पुढं अक्का वजनाच्या मागं अशी लागली, की वजनानंच तिला धक्का मारून पाडलं होतं जणू. पायावर उभं राहता येत नव्हतं, म्हणून खुर्चीसकट सोमवारचा काटा सुरू झाला तो इथूनच. पण पेठ तिच्या आड आली. आजाऱ्याला बघायला रिकाम्या हातानं यायचं नाही, हा आमच्याकडचा कायदा. त्यात हाड मोडलेलं, म्हणजे डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं, अळिवाची खीर आणि तुपात भिजलेल्या शेंगापोळ्या. आलेला डबा नाही म्हणायचा नाही आणि रिकामा परत करायचा नाही. शेजारची काकू सगळ्यात पुढं. तिचा नवरा चादरीच्या कारखान्यात होता, घरी तेलुगू बोलायचे, आणि माया अशी की दिवसातून दोनदा डबा. आली की कपाळाला हात लावायची, "अय्यो अक्का, कित्ती वाळलीस गं! डोळे खोल गेले!"

"व्हय?" अक्का कॉटवर उठून बसायची. "लई वाळले? कुटं कुटं? दंडाला बघ, दंडाला!"

काकू बिचारी चक्रावून जायची. सहानुभूती दाखवायला आलेल्या बाईला हिचे दंड चाचपून बघावे लागायचे.

आणि डबा? डबा मी खायचे. "अक्का, मला नको गं, पोट भरलंय," म्हटलं की डोळे वटारायची. "मग काय मी खाऊ? पाटावरनं मला उठायचंय का तुला?" डिंकाचे लाडू मी खाल्ले, खीर मी प्याले, शेंगापोळ्या मी चेपल्या. दवाखान्यातून दमून यावं तर दारातच, "ये बाई, काकू तुझी वाट बघून गेली," म्हणजे डबा तयार. धुतलेल्या डब्यात शेंगाची चटणी भरून तो परत करायचा, हेही कॉटवरून तिच्या हुकमानं. दिवाळीला गावी गेले तेव्हा माझ्या आईनं मला दोन्ही हातांनी चाचपलं आणि आनंदानं म्हणाली, "सोलापूरचं पाणी मानवलं गं पोरीला!" माझे सगळे ब्लाउज उसवून झाले होते. त्यानंतर सोमवारी अक्का काट्यावरून उतरली की मलाही चढवायची आणि शेटला म्हणायची, "हिचंबी ओरड." माझ्या आकड्यावर लोक जास्त हसायचे.

पंगत तेव्हा बंदच होती. जेवणारे दुसरीकडे गेले. दोन-चार जुनी माणसं मात्र येत राहिली आणि त्यांच्यासाठी भाकऱ्या मी करायचे, अक्काच्या देखरेखीखाली. माझी पहिली भाकरी तिनं हातात घेऊन उजेडाकडे धरली. "हे काय गं? भाकरी हाय का तालुक्याचा नकाशा?" म्हणाली. पण ती तिनंच खाल्ली, तेवढी एकच, आणि वर काही मागितलं नाही. सकाळी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं, दुपारी एक भाकरी आणि मटकीची उसळ, चहात साखर नाही. तीन-तीन भाकऱ्या खाणारी बाई. ताट संपवून ती रिकाम्या हाताकडे अशी बघत बसायची की मला तिथं थांबवत नसे.

सोमवारचा आकडा मात्र उतरत होता. झपझप उतरत होता. अक्का खुशीत, पेठ खुशीत. मग दिवाळीनंतर डॉक्टरला दाखवायला गेलो तेव्हा तिला स्वतःच्या पायावर वॉकर धरून उभं राहता येत होतं, म्हणून तिथल्या नर्सनं तिला त्यांच्या काट्यावर उभं केलं. तिनं वजन सांगितलं. शेटच्या आकड्यापेक्षा ते कितीतरी जास्त होतं.

"तुमचं मशीन खराब हाय," अक्का म्हणाली. नर्स स्वतः चढली, मला चढवलं. मशीन बरोबर होतं.

परतताना गल्लीच्या तोंडाशी अक्कानं रिक्षा थांबवली, वॉकर टेकत टेकत दुकानात शिरली आणि म्हणाली, "शेट, माझ्या डोळ्यात बघ."

शेटला बघवेना. तो गल्ल्यावरून उठून खाली आला आणि हात जोडून उभा राहिला. झालं होतं असं, की पहिल्या काही सोमवारी आकडा हललाच नव्हता आणि अक्काचं तोंड एवढंसं झालं होतं. त्याला ते बघवलं नाही. त्यानं बारदान थोडं वाढवून धरलं. मग दर सोमवारी थोडं थोडं. खुर्ची जड झाली, पाटल्या जड झाल्या, पायातली पट्टी तर रेल्वेच्या रुळाएवढी झाली. "अक्का, बापापासनं दुकान हाय आमचं," शेट म्हणाला, "कुणाला एक मूठ कमी दिली न्हाय. तुझ्यापायी पहिल्यांदा खोटं बोललो बघ. तू खचशील वाटलं."

मला वाटलं आता ही वॉकर उचलून त्याच्या डोक्यात घालते. पण ती रागावली नाही, निदान त्याच्यावर नाही. "माझी कीव करायला माझा मुलगा हाय की तितं पुण्यात," म्हणाली. "तू कशाला मधी आलास? हमालाला बोलीव. आज खुर्ची नगं, उभी ऱ्हाते. आन बारदान न्हाय. लुगड्यासकट, पट्टीसकट, वॉकरसकट सांग."

"अक्का, जाऊ दे ना..."

"ओरडून सांग!"

शेट ओरडला. त्याचा आवाज चिरकला. आकडा एवढा मोठा होता की त्या दिवशी कुणीसुद्धा हसलं नाही. अक्कानं सगळ्या दुकानावरून नजर फिरवली. "ऐकलं सगळ्यांनी? जावा आता, आपापल्या कामाला लागा," म्हणाली आणि उतरली.

मला तिचा त्या दिवशी इतका अभिमान वाटला, काय सांगू! आणि दुसऱ्या दिवसापासून तितकाच राग आला, कारण तिनं खाणंच सोडलं. भाकरी बंद, माडगं बंद, नुसतं ताक. मी ओरडले, काकू रडली, ही ढिम्म. शेवटी भिंत धरून मोरीकडे जाताना चक्कर आली आणि तिथंच बसली. नशीब, पाय वाचला. डॉक्टरकडे नेलं तेव्हा त्यानंही आवाज चढवला. "अक्का, हाड काय हवेवर जुळतंय? तुम्हाला पाटावरून उठायचंय ना? उठायला मांडी लागते. मांडीला जेवण लागतं. उपाशी मांडी उठत नाही."

"हे आदी सांगायचं की रं," अक्का म्हणाली. त्या दिवसापासून त्या डॉक्टरला तिच्या लेखी मान मिळाला. खाणं पुन्हा सुरू झालं, मोजकं पण नेमानं. माडगं, उसळ, दही. मीही तेवढ्यात पुढं सरसावले. "आमच्याकडचा मासा खाऊन बघ एकदा, हाड कसं पटकन..." मी वाक्य पुरं करायच्या आत तिनं वॉकर माझ्याकडे रोखला होता.

व्यायाम शिकवायला एक मुलगी यायची, फिजिओथेरपीवाली. पाय सरळ ठेवून उचलायचा, धरायचा, सोडायचा. पुढं घोट्याला वजन बांधायचं. अक्कानं घोट्याला तुरीच्या डाळीची पिशवी बांधली. ती मुलगी आकडे मोजायला लागली तर अक्का म्हणाली, "तू नगं मोजू, माझा मी हिशेब करते." आणि पाय उचलायला लागली. "ही लाथ माझ्या मुलाला. ही त्याच्या लिफ्टला. ही त्या बँकेच्या सायबाला. ही शेटच्या बारदानाला. ही काट्यापाशी मला हसला होता त्या टोपीवाल्याला." माणसं संपली की पहिल्यापासून सुरू. घामाची धार लागायची, तोंडातून कानडी शिव्या निघायच्या. ती फिजिओथेरपीवाली मुलगी मला म्हणाली, "ताई, यांना दुखतंय खूप, पण बोलून नाही दाखवत." मी म्हणाले, बाई, हे बोलून दाखवणंच चाललंय.

मार्गशीर्षात एकदा दुपारी दवाखान्याला सुट्टी मिळाली म्हणून मी लवकर आले. दाराला आतून कडी. हाका मारल्या तर आतून आवाज आला, "खिडकीतनं हात घालून काढ." आत गेले तर अक्का पाटावर बसलेली. समोर सुपात ज्वारी.

"काय करतीयस?"

"ज्वारी निवडतीय. दिसत न्हाय?"

ज्वारी निवडून झालेली होती. एक खडा नव्हता तिच्यात. चहाची कपबशी सकाळची तशीच कॉटशेजारी, जेवणाचं ताट झाकलेलं तसंच फळीवर. मी निघाल्या निघाल्या ती बसून बघायला गेली होती आणि सकाळपासून तिथंच होती. उठता आलं नव्हतं. कुणाला हाकही मारली नव्हती, कारण हाक मारली की पुण्याला फोन जाणार. माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी तिच्या काखेत हात घालायला वाकले तर म्हणाली, "रडतीस काय? बसायला तर आलं का न्हाय? निम्मं काम झालं." मग माझा हात धरून, भिंतीला टेकून, कण्हत कण्हत उठली आणि माझा हात सोडलाच नाही. "त्याला सांगायचं न्हाय. शपथ घे," म्हणाली. मी शपथ घेतली. पहिल्यांदाच मला ती घाबरलेली दिसली आणि मीही घाबरले.

भोगीच्या दिवशी सकाळीच मुलगा आला. गाडीची मागची सगळी सीट रिकामी ठेवून, उशा मांडून आला होता. काकू आली, शेट दुकान हमालांवर टाकून आला. अक्का न्हाऊन, इरकली लुगडं नेसून, काठी टेकत स्वयंपाकघरात आली. खूप उतरली होती ती. पूर्वीची अक्का आठवणाऱ्याला धक्काच बसला असता. पाटाजवळ आल्यावर तिनं काठी माझ्या हातात दिली, पाय लांब केला आणि एका दमात खाली बसली.

"आता उठ," मुलगा म्हणाला.

"आदी जेव. उपाशी माणसाला मी काय दावत न्हाय."

तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, लोणी, भोगीची भाजी. तो समोर बसला. थापायचा आवाज, तव्याचा वास, किती महिन्यांनी ते घर घरासारखं वाटलं. तिनं वाढलं, त्यानं खाल्लं. शेवटी तो म्हणाला, "साकु, अव्वा." म्हणजे पुरे. अक्कानं शेगडी बंद केली.

पहिल्यांदा ती अर्धी उठली आणि धपकन बसली. पाट वाजला. मुलाचा हात आपोआप पुढं आला. "हात मागं घे," ती म्हणाली. दुसऱ्यांदाही तेच झालं. गुडघा लटलट कापत होता, कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. काकूनं तोंडाला पदर लावला. मी मनात म्हणत होते, अक्का, शिव्या घाल, कुणालातरी शिव्या घाल.

मग तिनं एक वेगळंच केलं. अंग वळवलं, दोन्ही तळवे जमिनीवर टेकले आणि चार पायांवर आली. पार्श्वभाग वर, डोकं खाली, लुगडं विसकटलेलं, मुलासमोर आणि शेटसमोर. तशीच थांबली. श्वास जोरात चालला होता. मग डावा पाय पुढं घेतला, त्याच्या मांडीवर हात रोवला आणि इंच इंच करत वर आली. उभी राहिली. कुणाला धरलं नाही, कशाला टेकली नाही.

"अव्वा," मुलगा म्हणाला, "हे काय उठणं झालं?"

"मग? म्हस कशी उठतीय? मागनंच उठतीय की. तिला कुणी पुण्याला नेत न्हाय!"

शेट हसता हसता रडायला लागला. काकू तेलुगूत देवाचं नाव घेत होती. मी तर केव्हाचीच हुंदके देत होते. मुलगा तेवढा हसला नाही. ताटावर मान घालून बसून राहिला. मला वाटलं आता हा नवीन काहीतरी काढणार. तशी माझी भांडायची तयारी झाली होती.

त्यानं ताट पुढं सरकवलं. "अव्वा, अजून एक भाकरी दे," म्हणाला. "एकट्यालाच परत जायचंय मला. पोटभर जेवून जातो." त्याची मान काही वर होत नव्हती.

"मी करते," मी पुढं झाले. आत्ताच जीव तोडून उठलेली बाई, पुन्हा बसली की पुन्हा उठायचं, हे त्याला कळत कसं नाही!

"तू गप," अक्का मला म्हणाली. "शेगडी पेटव." आणि पाय लांब करून पुन्हा पाटावर बसली.